पडद्यावरचा भाव आणि हातातलं हळकुंड

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सांगलीच्या एका वाचकाचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यांनी सोबत कॉन्ट्रॅक्ट नोट्स (सौद्यांच्या पावत्या) आणि खात्याचा उतारा पाठवला, काही लपवलं नाही. म्हणून बरीचशी जागा त्यांनाच दिली आहे. उरलेल्या दोन वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न : माझं वय 29, सांगलीत खासगी नोकरी. गेले 14 महिने शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाच्या ऑप्शन्समध्ये (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्कांमध्ये) रोज सौदे करतो. आजवरचा तोटा 2 लाख 80 हजार. हा आकडा घरात फक्त बायकोला माहीत आहे. आता एका ओळखीच्या माणसाने तयार अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम, सुचवला आहे. वर्षाचे 35 हजार रुपये. दीड लाख भांडवलावर, एका लॉटमध्ये (ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्यात), दिवसाला सरासरी चार सौदे आणि महिन्याला 8 टक्के, असा तीन वर्षांचा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर करून पाहिलेली चाचणी, त्यांनी दाखवला. शंभरातले 84 सौदे फायद्यात. कागदाच्या तळाला बारीक अक्षरात ‘ब्रोकरेज व स्लिपेज धरलेले नाही’ असं आहे.
माझे वडील मार्केट यार्डात हळदीचे अडते आहेत. चाळीस वर्षं त्यांनी अंदाजावर धंदा केला, घर बांधलं, वायद्यातही थोडं काम करतात. ते म्हणतात, “यंत्राला हळदीचा वास येतो का?” त्यांचा अंदाज बरोबर येतो, मग माझाच का चुकतो? अल्गो घ्यावा की अंदाज सुधारावा?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी वडिलांबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली त्यांच्याकडे आहे.

तुम्ही ज्याला त्यांचा ‘अंदाज’ म्हणता, तो अंदाज नाही. हळदीच्या सौद्यांच्या दिवशी ते पोत्यात हात घालतात, राजापुरी जातीचं हळकुंड काढून मोडतात. मोडताना आवाज कसा आला, आतला रंग किती गडद आहे, बोटाला ओल लागते का, एवढ्यावर माल किती दिवस टिकेल ते त्यांना कळतं. जूनमध्ये कोणत्या गावात लागवड कमी झाली, कोणाच्या वखारीत गेल्या सालचा माल अजून पडून आहे, कोणता शेतकरी मुलीच्या लग्नासाठी लवकर विकणार आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. हरिपूरच्या पेवांची गोष्ट त्यांनी तुम्हाला नक्की सांगितली असेल. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि पेव न उघडता मालाचे सौदे व्हायचे. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. किती माल गेला याची कल्पना यार्डातल्या माणसाला त्या आठवड्यातच आली असणार. पडद्यावरच्या भावात ती नंतर आली.

म्हणजे तुमचे वडील भावाच्या आधी माहितीपाशी पोचतात. एका हंगामात मोजकेच मोठे निर्णय घेतात, आणि चूक झाली तर तीच हळद, तीच माणसं, तेच गाव पुढच्या वर्षी पुन्हा समोर येतं. माणसाचा कयास अशा ठिकाणी तयार होतो आणि तो खरा असतो. त्यांना ‘अल्गो घ्या’ असं सांगायची माझी छाती नाही.

आता सकाळी 10 वाजून 20 मिनिटांनी मोबाईलवर निफ्टीचा कॉल (भाव वाढेल या अंदाजाने घ्यायचा ऑप्शन) घेणारे तुम्ही. त्या क्षणी तुमच्याकडे अशी कोणती गोष्ट आहे, जी त्या भावात आधीच उतरलेली नाही? उतारा पाहून मला तरी एकही सापडली नाही. आलेखावरची पाच मिनिटांची मेणबत्ती हिरवी झाली, म्हणजे तेवढ्यात भाव चढला, म्हणून घेतलं. ती मेणबत्ती सगळ्यांच्या पडद्यावर असते. वडिलांच्या हातात हळकुंड होतं, तुमच्या हातात फक्त भाव होता. तुमचा स्वभाव कच्चा आहे किंवा हुशारी कमी आहे म्हणून तुमचा अंदाज चुकत नाही. त्या अंदाजाला खाली जमीनच नाही.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगते. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स (वायदे) आणि ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते, आणि खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख. त्याच अभ्यासात असंही होतं की 2023-24 मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातला 97 टक्के आणि ब्रोकरांच्या स्वतःच्या खात्यातल्या नफ्यातला 96 टक्के भाग अल्गोमधून आला. हे वाचून बरेच जण ‘मग आपणही अल्गो घेऊ’ म्हणतात. तिथेच गफलत होते. त्या संस्थांची यंत्रं एक्स्चेंजच्या इमारतीत, एक्स्चेंजच्या यंत्रांना खेटून बसवलेली असतात. दोन बाजारांतल्या पैशा-दोन पैशांच्या फरकावर, खरेदी-विक्रीच्या भावातल्या अंतरावर ती दिवसभर काम करतात. तुम्हाला 35 हजारांत मिळणार आहे ती तुमचीच मेणबत्ती, फक्त बटण दुसरं कोणीतरी दाबणार.

आता हिशेब. तुमची ऑगस्ट 2025 ची एक नोट समोर ठेवून करते. 75 चा लॉट, प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, शंभराच्या आसपास. घेताना साडेसात हजार, विकताना साडेसात हजार. ब्रोकरेज 20 आणि 20, म्हणजे 40 रुपये. विक्रीवर एसटीटी (सौद्यांवरचा सरकारी कर) 0.1 टक्का, साडेसात रुपये. एक्स्चेंजचं शुल्क सव्वापाच. ब्रोकरेज आणि शुल्कावर 18 टक्के जीएसटी, सव्वाआठच्या आत. मुद्रांक शुल्काचे काही पैसे. झाले साधारण 61 रुपये. हे कागदावर दिसतं. कागदावर न दिसणारं म्हणजे स्लिपेज : तुम्हाला हवा होता तो भाव आणि मिळाला तो भाव यांतला फरक. घेताना अर्धा रुपया आणि विकताना अर्धा रुपया धरा, हे मी हात राखूनच धरते आहे. 75 रुपये झाले. एका सौद्याला 136 रुपये.

दिवसाला चार सौदे, महिन्याला वीस दिवस, म्हणजे 80 सौदे. 80 गुणिले 136 : 10 हजार 880 रुपये.

दीड लाखावर 8 टक्के म्हणजे 12 हजार. त्यातून 10 हजार 880 वजा करा, उरले 1 हजार 120. अल्गोचं भाडं महिन्याला 2 हजार 900 च्या वर. म्हणजे त्यांचा बॅकटेस्ट अक्षर न् अक्षर खरा ठरला, तरी दर महिन्याला तुमच्या खिशातून सुमारे 1 हजार 800 रुपये जातील. तळाची ती बारीक ओळ एवढी महाग आहे. हाच हिशेब तुमच्या स्वतःच्या 14 महिन्यांना लावून पाहा. तुम्ही दिवसाला सात-सात सौदे केले आहेत. तुमच्या 2 लाख 80 हजारांतला मोठा भाग चुकीच्या अंदाजाने नव्हे, नुसत्या घेण्या-विकण्याने गेला आहे.

बॅकटेस्टबद्दल एकच सुचवते. त्या गृहस्थांना विचारा, 4 जून 2024 चे सौदे दाखवा. लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टी 1 हजार 379 अंकांनी, जवळपास सहा टक्क्यांनी खाली बंद झाला होता. त्या दिवशी किती वाजता काय घेतलं, काय विकलं, कोणत्या भावाने, एवढंच मागा. शंभरात 84 सौदे फायद्यात राहतात ते बहुधा अशा पद्धतींत, ज्या थोडा फायदा चटकन खिशात घालतात आणि तोटा लांबवतात, किंवा ऑप्शन विकून बसतात. त्यांचे उरलेले 16 सौदे कसे असतात, ते अशाच दिवशी कळतं. आणि ‘निवडणुकीचा दिवस आम्ही वगळला आहे’ असं उत्तर आलं, तर तो दिवस वगळायचं कधी ठरवलं, आधी की नंतर, हे विचारा. जुन्या भावांवर स्क्रू पिळत बसलं की कोणताही नियम सुंदर दिसतो. सेबीने सप्टेंबर 2022 मध्येच ब्रोकरांना ताकीद दिली आहे की अल्गो विकताना मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा उल्लेख करायचा नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांशी संबंधही ठेवायचा नाही. तुम्हाला दाखवलेल्या कागदावर पहिली ओळच परताव्याची आहे. मी असते तर तिथेच उठले असते.

मग नियम चांगले की मन? माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी पुण्यात एका ब्रोकरच्या डीलिंग रूममध्ये सतरा वर्षं काढली. माझा एक नियम होता : निवडणुकीच्या निकालावर विकलेली पोझिशन (भाव पडेल या अंदाजाने आधी विकून नंतर घ्यायचा सौदा) घेऊन जायचं नाही. शुक्रवार, 15 मे 2009. निकाल शनिवारी लागायचे होते. मला आतून वाटत होतं की त्रिशंकू संसद येणार आणि बाजार पडणार. निफ्टी फ्युचरचे दोन लॉट विकून मी घरी गेले. सोमवारी बाजार उघडला आणि मिनिटाच्या आत वरच्या सर्किटला, म्हणजे सौदे थांबवण्याच्या मर्यादेला, लागला. थांबला, पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट, आणि दिवसभरासाठी बंद. माझी स्टॉपलॉसची (तोटा मर्यादेत रोखणारी) ऑर्डर तशीच पडून राहिली, कारण विकणारं कोणी नव्हतंच. निफ्टी एका दिवसात 651 अंक वर. 50 चे दोन लॉट. माझा पगार तेव्हा 18 हजार होता आणि तोटा 65 हजारांच्या आसपास. त्या रात्री मी जेवले नाही. तोट्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की नियम माझाच होता, माझ्याच अक्षरात लिहिलेला.

त्यानंतर मी दोनशे पानी वही आणली आणि चार रकाने आखले. नियम काय सांगतो. मी काय केलं. का केलं. फरक किती पडला. नियमाबाहेर पाऊल टाकलं की त्याच संध्याकाळी भरायचं, उद्यावर टाकायचं नाही. वर्षभरात 61 नोंदी झाल्या. 19 वेळा माझ्या मनाने पैसे वाचवले, 42 वेळा घालवले. पण खरी गोष्ट या आकड्यांत नव्हती, तिसऱ्या रकान्यात होती. त्या 19 पैकी जवळजवळ सगळ्या नोंदी एकाच प्रकारच्या होत्या : अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं धोरण, एखादा निकाल आहे म्हणून आदल्या दिवशी पोझिशन अर्धी केली. आणि 42 मध्ये दोनच कारणं पुन्हापुन्हा येत होती. ‘भीती वाटली, फायदा घेऊन टाकला’ आणि ‘सलग तीन तोटे झाले, म्हणून हा सौदा सोडला’. एका ठिकाणी मी नुसतंच ‘कंटाळा’ असं लिहिलं आहे.

तेव्हापासून मनाला मी एकच अधिकार ठेवला आहे. पोझिशन कमी करता येते. वाढवता येत नाही, स्टॉप लांब सरकवता येत नाही, सौदा टाळता येत नाही. बाकी सगळं आता प्रोग्रॅम करतो. पण प्रोग्रॅम लिहिला तो वहीला एक वर्ष पूर्ण झाल्यावर. जे नियम कागदावर मला स्पष्ट मांडता येत नव्हते, ते यंत्राला काय सांगणार होते?

तर तुमच्यासाठी : अल्गो घेऊ नका. रोजचे ऑप्शन्सचे सौदे आजपासून थांबवा, ‘गेलेले काढून मग थांबतो’ असं नको. आणि तोट्याचा आकडा वडिलांना सांगा. चाळीस वर्षं अडत चालवलेल्या माणसाने असे आकडे पाहिलेले असतात, त्यांना तुम्हाला वाटतो तेवढा धक्का बसणार नाही. मग एक हंगाम, जानेवारी ते मार्च, सुट्टीच्या दिवशी आणि जमेल तेव्हा सकाळी त्यांच्याबरोबर सौद्यांना जा. हातात वही घेऊन. ते भाव का वाढवतात, कोणत्या ढिगापाशी थांबतात, कोणता सोडून पुढे जातात, हे विचारून लिहून घ्या. त्यांच्या डोक्यात आहेत त्यांतले निम्मे तरी नियमच आहेत, त्यांनी कधी कागदावर मांडलेले नाहीत एवढंच. वर्षअखेर ती वही मला दाखवायला आणा. मला ती खरोखर वाचायची आहे.

प्रश्न : मी नाशिकला शिक्षिका आहे. शेअर 20 दिवसांचा उच्चांक ओलांडून वर गेला की घ्यायचा, 10 दिवसांच्या नीचांकाखाली आला की विकायचा, हा माझा नियम. चार तोटे सलग झाले की पाचवा सौदा करायला हात धजत नाही, आणि नेमका पाचवाच पळतो. हे यंत्राकडे द्यावं का? कायद्याने चालतं का?

उत्तर : द्यावं. वरच्या पत्रलेखकाला मी नाही म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणते, कारण तुमचा नियम तुमचा आहे, तुम्हाला समजलेला आहे आणि महिन्याला मोजकेच सौदे करणारा आहे.

तुमच्या नियमाला इतिहासही आहे. 1983 मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन वायदेबाजांत वाद झाला : सौदे करणं शिकवता येतं की ते अंगातच असावं लागतं? डेनिसने जाहिरात देऊन माणसं निवडली आणि दोन आठवड्यांत त्यांना नियम शिकवले. त्यांतला एक नियम हाच होता, 20 दिवसांचा उच्चांक आणि 10 दिवसांचा नीचांक. बऱ्याच जणांनी पुढे भरपूर कमावलं, म्हणजे शिकवता येतं. पण नियम सगळ्यांना सारखे मिळूनही निकाल सगळ्यांचे सारखे आले नाहीत. तुमचा पाचवा सौदा त्यांच्याही आयुष्यात येतच होता.

प्रोग्रॅम लिहायची गरज नाही. बहुतेक ब्रोकरांकडे जीटीटी ऑर्डर असते, म्हणजे तुम्ही घातलेला भाव (ट्रिगर) आला की आपोआप सुटणारी. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की उच्चांकाचा भाव ट्रिगर म्हणून घालायचा आणि फोन बाजूला ठेवायचा. शेअर हातात आला की त्याच संध्याकाळी नीचांकाचा ट्रिगर घालायचा, आणि नीचांक वर सरकेल तसा रोज बदलायचा. एक काळजी घ्या. ट्रिगरनंतर ऑर्डर लिमिट भावाने, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या मर्यादेतच, जाते. सकाळी शेअर तुमच्या लिमिटच्याही खाली उघडला तर विक्री होत नाही, म्हणून विक्रीची लिमिट ट्रिगरपेक्षा बरीच खाली ठेवा आणि साडेनऊला, मधल्या तासाला, एकदा पाहा.

पुढे स्वतःचा प्रोग्रॅम ब्रोकरच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून ऑर्डर टाकायच्या सोयीला) जोडावासा वाटला, तर सेबीचं 4 फेब्रुवारी 2025 चं परिपत्रक पाहा. इंटरनेटचा स्थिर आयपी पत्ता लागतो, दुहेरी ओळख पडताळणी लागते. एक्स्चेंजने घातलेली सेकंदाला दहा ऑर्डरींची मर्यादा ओलांडली, तरच त्या अल्गोची वेगळी नोंदणी. तुम्ही दिवसाला दोन ऑर्डरी टाकणार. विकतच्या अल्गोचं मात्र वेगळं : विकणाऱ्याची एक्स्चेंजकडे नोंद हवी, आणि आतलं सूत्र तो दाखवत नसेल तर तो सेबीकडे नोंदलेला रिसर्च ॲनालिस्टही हवा. नोंद पाहायला मागितली की बरेच विक्रेते फोन उचलायचे थांबतात.

प्रश्न : यंत्र बिघडलं तर क्षणात सगळं जाईल. त्यापेक्षा माणूस बरा, असं नाही का? (निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)

उत्तर : तुमची भीती खरी आहे. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेत नाईट कॅपिटल या कंपनीने नवा प्रोग्रॅम आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावरचा जुना, बंद पडलेला भाग जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर तोटा करून बसला. पण त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला आपल्या एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारावर) निफ्टी काही क्षणांत नऊशेच्या आसपास अंक कोसळला आणि बाजार पंधरा मिनिटं थांबवावा लागला. ती चूक माणसाची होती. एका दलाली संस्थेतल्या डीलरने 650 कोटींहून अधिक किमतीच्या 59 ऑर्डरी चुकून सोडल्या होत्या. अशा खोलीत मी बसले आहे. रक्कम आणि संख्या यांच्या चौकटी शेजारी शेजारी असतात, आणि दुपारी दोनला डोळे जड झालेले असतात.

म्हणून दोघांनाही कुंपण घालायचं, आणि ते प्रोग्रॅमच्या बाहेर असायला हवं. माझ्याकडे तीन गोष्टी आहेत. दिवसाच्या तोट्याची मर्यादा ब्रोकरच्या बाजूला लावलेली आहे, माझ्या प्रोग्रॅममध्ये नाही. खात्यात ट्रेडिंगसाठी लागतात तेवढेच पैसे असतात, बाकीचे दुसऱ्या बँकेत. आणि वीज किंवा इंटरनेट गेलं तर पोझिशन बंद करायला ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा नंबर कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला आहे, खाली माझा क्लायंट कोड. गेल्या पावसाळ्यात एकदा तो लागला. दीड मिनिटात काम झालं.